स्तन कर्करोगाची चाळणी परीक्षा व कृत्रिम बुद्धिमत्ता

स्तनाच्या कर्करोगाचे कोणतेही लक्षण ज्यांना जाणवत नाही, अशा स्त्रियांची ठराविक कालांतराने तपासणी करून रोग प्रारंभीच हुडकून काढणे यास चाळणी परीक्षा म्हणतात. या तपासणीत मिळालेली चित्रे वाचणे, त्यांतील संशयास्पद चित्रे वेगळी काढणे किंवा चित्रातील विशिष्ट जागेकडे वैद्याचे लक्ष वेधणे ही कामे संगणकाकडून करवून घेण्याच्या पद्धती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या क्षेत्रातील उपयोगात मोडतात. चाळणी परीक्षा म्हणजे निदान नव्हे. तिच्यामुळे मोठ्या समूहातून थोड्या स्त्रिया पुढील तपासणीसाठी निवडल्या जातात. कर्करोग आहे किंवा नाही हे जीवोतक परीक्षेने (संशयित जागेतील ऊतकाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याने) ठरते. संगणकाचा कौल कितीही अचूक असला, तरी तो या साखळीतील एकच दुवा असतो. मुंबईसारख्या महानगरात, विशेषतः तेथील उपनगरांत, या तंत्राची उपयुक्तता ठरविताना ही गोष्ट मध्यवर्ती ठरते.

रोगाचे स्वरूप व प्रसार : स्तनातील दुग्धनलिका व दुग्धखंडिका यांच्या अस्तरातील कोशिकांची अनिर्बंध वाढ होऊन हा रोग उद्भवतो (⟶ कर्करोग). गाठ लहान असून रोग स्तनापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास बरे होण्याची शक्यता पुष्कळच असते आणि अनेकदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही. रोग काखेतील लसीका ग्रंथींमध्ये व पुढे हाडे, फुप्फुसे, यकृत इ. अवयवांत पसरल्यावर उपचार दीर्घ, खर्चिक व अनिश्चित होतात. चाळणी परीक्षेचे सर्व प्रयोजन या फरकावर आधारलेले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तन कर्करोगाचे सु. १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सु. ९८ हजार स्त्रिया या रोगाने मृत्यू पावल्या. त्याच वर्षी सर्व जगात सु. २३ लाख नवे रुग्ण व सु. ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या मानाने मृत्यूंचे प्रमाण भारतात पुष्कळ जास्त आहे, हे या आकड्यांवरून दिसते. रोग उशिरा लक्षात येणे आणि उपचार अपुरे राहणे ही त्याची मुख्य कारणे होत. भारतीय स्त्रियांत हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने सरासरीने सु. दहा वर्षे अगोदरच्या वयात आढळतो.

मुंबईतील या रोगाच्या प्रसाराची माहिती दीर्घकाळापासून उपलब्ध आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटी या संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी सुरू केली. भारतातील अशा प्रकारची ही पहिली नोंदणी होय. मुंबईतील स्त्रियांत गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाचे प्रमाण गेल्या काही दशकांत घटत गेले, तर स्तन कर्करोगाचे वाढत जाऊन ते आता सर्वाधिक झाले आहे. विवाह व पहिले अपत्य उशिरा होणे, अपत्यांची संख्या व स्तनपानाचा काळ कमी होणे, शारीरिक श्रम घटणे आणि वजन वाढणे या नागरी जीवनातील बदलांशी ही वाढ निगडित आहे.

चाळणीच्या पद्धती : सर्वांत प्रचलित पद्धत मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्रण ही आहे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून प्रत्येक स्तनाची वरून व तिरकस अशी दोन, म्हणजे एकूण चार चित्रे घेतली जातात. बोटांना न लागणाऱ्या लहान गाठी, ऊतकरचनेतील विकृती आणि कॅल्शियमाच्या सूक्ष्म कणांचे पुंजके या चित्रांत दिसू शकतात. एका तपासणीत शरीरास मिळणारी प्रारणाची मात्रा सु. ०·४ मिलिसीव्हर्ट म्हणजे निसर्गतः सु. सात आठवड्यांत मिळणाऱ्या मात्रेएवढी असते. अशा यंत्रांच्या वापरावर भारतात मुंबईतील अणुशक्तिनगर येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

क्ष-किरण चित्रात वसा काळसर व ग्रंथिल ऊतक पांढरे दिसते. गाठही पांढरीच दिसते. तरुण स्त्रियांच्या स्तनांत ग्रंथिल ऊतकाचे प्रमाण अधिक असल्याने पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी गाठ लपून राहते. भारतात रोग तुलनेने कमी वयात होत असल्याने ही अडचण येथे अधिक जाणवते. अशा वेळी श्राव्यातीत ध्वनिचित्रण म्हणजे सोनोग्राफी पूरक म्हणून उपयोगी पडते. मात्र भारतात हे यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये नोंदणी झालेल्या ठिकाणी व अर्हताप्राप्त व्यक्तीलाच वापरता येत असल्याने ते वस्तीवस्तीत नेऊन तपासणी करणे सोपे नाही.

तिसरी पद्धत हाताने तपासण्याची आहे. प्रशिक्षित व्यक्ती ठराविक क्रमाने दोन्ही स्तन व काखा चाचपून पाहते. या पद्धतीस यंत्र, वीज वा चित्रवाचक यांपैकी काहीच लागत नाही. परंतु फार लहान गाठी तिच्यात सुटतात. केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्रसृत केलेल्या कार्यचौकटीत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी करावी, असे सुचविलेले आहे.

चाळणीचे गणित : कोणत्याही चाळणी पद्धतीचे मूल्यमापन मुख्यतः दोन मापांनी होते. रोग असलेल्या शंभर स्त्रियांपैकी जितक्या पद्धतीला सापडतात, ती तिची संवेदनक्षमता. आणि रोग नसलेल्या शंभर स्त्रियांपैकी जितक्यांना ती निर्दोष ठरविते, ती तिची विशिष्टता होय. ही दोन्ही मापे उत्तम असूनही निष्पत्ती समाधानकारक असेलच असे नाही, कारण ती त्या समाजातील रोगाच्या प्रमाणावरही अवलंबून असते. उदा., संवेदनक्षमता ९० टक्के व विशिष्टता ९५ टक्के असलेली एखादी प्रणाली १०,००० स्त्रियांसाठी वापरली असे समजू. त्यांच्यापैकी ५० जणींना रोग असेल, तर ४५ जणी योग्य रीत्या ओळखल्या जातील व सु. ४९८ निरोगी स्त्रियांना नाहक पुढे पाठविले जाईल. म्हणजे निवडलेल्या दर १२ स्त्रियांत एकीला रोग आढळेल. त्याच १०,००० स्त्रियांत रोग केवळ १० जणींना असेल, तर ९ जणी सापडतील, परंतु नाहक पाठविलेल्यांची संख्या सु. ५०० च राहील. म्हणजे दर ५६ जणींत एक. प्रणाली तीच असून तिच्या इशाऱ्याचा अर्थ मात्र बदलतो. भारतात या रोगाचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच कमी असल्याने तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

खोट्या इशाऱ्याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही. पुन्हा चित्रण, सोनोग्राफी, जीवोतक परीक्षा आणि निकाल येईपर्यंतची भीती स्त्रीला व तिच्या कुटुंबाला सोसावी लागते. याशिवाय अतिनिदान हा आणखी एक दोष संभवतो. काही अर्बुदांची वाढ इतकी मंद असते की, ती सापडली नसती, तरी त्या स्त्रीला जन्मभर त्रास झाला नसता. अशा अर्बुदांवर शस्त्रक्रिया व प्रारणोपचार केल्याने लाभाऐवजी हानी होते.

संगणकाच्या उपयोगाचा इतिहास : क्ष-किरण चित्रांतील संशयास्पद जागांवर खूण करणारी पहिली व्यापारी संगणकप्रणाली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्य केली. कॅल्शियमाचे पुंजके कसे दिसतात, गाठीच्या कडा कशा असतात इ. नियम तज्ञांनी अगोदर ठरवून ते संगणकाला दिलेले असत. या प्रणालींचा प्रसार झपाट्याने झाला. पण २००७ मध्ये अमेरिकेतील ४३ केंद्रांच्या पाहणीतून निराळेच चित्र पुढे आले. प्रणाली वापरू लागल्यावर विशिष्टता ९०·२ टक्क्यांवरून ८७·२ टक्क्यांवर घसरली, जीवोतक परीक्षांचे प्रमाण सु. २० टक्क्यांनी वाढले आणि कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात लक्षणीय वाढ झाली नाही. २०१५ मधील एका मोठ्या अभ्यासातही लाभ दिसला नाही. म्हणजे परिणाम सिद्ध होण्यापूर्वीच तंत्राचा प्रसार झाला होता.

सध्याच्या प्रणालींची रचना वेगळी आहे. त्यांत नियम अगोदर सांगितलेले नसतात. ज्यांचे अंतिम निदान ज्ञात आहे, अशी लक्षावधी चित्रे संगणकातील कृत्रिम तंत्रिका जालास दाखविली जातात. हे जाल म्हणजे अनेक थरांत मांडलेल्या गणिती क्रियांची मालिका असते. पहिले थर चित्रबिंदूंच्या उजळपणातील फरकांवरून रेषा व कडा ओळखतात. पुढचे थर त्यांवरून आकार व पोत यांचे आकृतिबंध बनवितात. शेवटचा थर कर्करोगाची शक्यता दर्शविणारा अंक देतो. हा अंक ज्ञात निदानाशी जुळला नाही, तर त्या क्रियांतील गुणांक किंचित बदलले जातात आणि ही प्रक्रिया असंख्य वेळा होऊन जाल शिकत जाते. असे जाल दाखविलेल्या चित्रांपुरतेच शिकते. चित्रे एका देशातील, एका वयोगटातील किंवा एकाच बनावटीच्या यंत्रावरील असतील, तर निराळ्या परिस्थितीत त्याची अचूकता घटू शकते.

जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन व अमेरिका येथील चित्रांवर केलेल्या अभ्यासात अशा प्रणालीने खोटे इशारे व सुटलेले रुग्ण या दोहोंचेही प्रमाण कमी केल्याचे प्रसिद्ध झाले. तो अभ्यास पूर्वी घेतलेल्या चित्रांवरचा होता. प्रत्यक्ष तपासणीतील सर्वांत महत्त्वाची यदृच्छ चाचणी स्वीडनमध्ये २०२१ मध्ये सुरू झाली. युरोपातील अनेक देशांत प्रत्येक चित्र दोन क्ष-किरणतज्ञ स्वतंत्रपणे वाचतात. या चाचणीत निम्म्या स्त्रियांची चित्रे त्या प्रथेनुसार वाचली गेली. उरलेल्यांच्या चित्रांना संगणकाने १ ते १० असे धोकांक दिले आणि फक्त १० हा अंक मिळालेली चित्रे दोन तज्ञांनी, बाकीची एकाच तज्ञाने वाचली. ८०,०३३ स्त्रियांवरील पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाच्या साहाय्याने दर हजारी ६·१ व नेहमीच्या पद्धतीने ५·१ कर्करोग सापडले. खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत १·५ टक्के राहिले आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणांवरून आढळणाऱ्या कर्करोगांचे आकडे २०२६ मध्ये पुढे आले. संगणकाच्या गटात हे प्रमाण दर हजारी १·५५ व तुलना गटात १·७६ होते. म्हणजे वाचनाचे काम घटूनही सुटणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली नाही. जर्मनीत ४,६३,०९४ स्त्रियांवर केलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही संगणकाचे साहाय्य घेतलेल्या गटात कर्करोग सापडण्याचे प्रमाण दर हजारी ५·७ ऐवजी ६·७ आढळले. या तंत्रामुळे मृत्यू कमी होतात हे मात्र अद्याप कोणत्याही चाचणीने दाखविलेले नाही. त्यासाठी दीर्घकाळाची निरीक्षणे लागतात.

मुंबईतील चाचणी : मृत्यू कमी होतात किंवा नाही या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ मागोवा भारतात मुंबईतच घेतला गेला आणि तोही यंत्राविना. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वीस निरनिराळ्या वस्त्यांत ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची चाचणी सुरू केली. दहा वस्त्यांतील ७५,३६० स्त्रियांची प्रशिक्षित स्त्री आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, याप्रमाणे चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली व कर्करोगाविषयी माहिती दिली. उरलेल्या दहा वस्त्यांतील ७६,१७८ स्त्रियांना माहिती एकदा देण्यात आली. त्यानंतर दोन्ही गटांचा पाठपुरावा करण्यात आला. वीस वर्षांचे निष्कर्ष इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकर सापडला. तिसऱ्या व चौथ्या म्हणजे वाढलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण तुलना गटात ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते. स्तन कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी आढळले. तथापि संख्याशास्त्रीय दृष्ट्या हा फरक निर्णायक ठरला नाही. पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत मृत्यू सु. ३० टक्क्यांनी कमी आढळले; हे विश्लेषण चाचणीनंतर केलेले असले, तरी घट लक्षणीय आहे. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

या निष्कर्षांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वस्तीत जाऊन प्रशिक्षित हातांनी केलेली नियमित तपासणी रोगाची अवस्था अलीकडे आणू शकते. दुसरी अशी की, रोग लवकर सापडणे व मृत्यू टळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. अवस्था अलीकडे आली, तरी सर्व वयांत मृत्यू त्याच प्रमाणात घटले नाहीत. अधिक रुग्ण सापडतात एवढ्यावरून एखाद्या संगणकप्रणालीचे मोल ठरविता येत नाही, हे मुंबईच्या अनुभवाने अगोदरच दाखवून दिलेले आहे.

उपनगरांतील परिस्थिती : मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३,५६,९६२ होती, शहर जिल्ह्याची त्याच वेळी ३०,८५,४११ होती. म्हणजे महानगरातील दर चार माणसांपैकी तीन उपनगरांत राहतात, तर कर्करोगावरील सार्वजनिक उपचारांचे प्रमुख केंद्र शहरात परळला आहे. जुहूचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, बोरिवलीचे भगवती ही महापालिकेची उपनगरी रुग्णालये होत. त्यांच्या खालोखाल दवाखाने व आरोग्य केंद्रे आणि त्यांच्याशी जोडलेल्या आरोग्य सेविका आहेत. याच अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली भागांत खाजगी रुग्णालये व क्ष-किरण चित्रणाची केंद्रेही पुष्कळ आहेत. येथे खर्च करू शकणारी स्त्री स्वतःहून किंवा वैद्याच्या सल्ल्याने मॅमोग्राफी करवून घेते. युरोपातील अनेक देशांप्रमाणे ठराविक वयाच्या प्रत्येक स्त्रीला बोलावून घेणारी संघटित मॅमोग्राफी व्यवस्था मुंबईत नाही.

या भेदामुळे संगणकाच्या उपयोगाचे स्वरूपही निराळे होते. स्वीडनमध्ये चित्रे भरपूर होती आणि वाचणारे तज्ञ अपुरे पडत होते. तेथे संगणकाने वाचनाचे ओझे हलके केले. उपनगरांतील खाजगी केंद्रांत, जेथे चित्र बहुधा एकच तज्ञ वाचतो, तेथे संगणक दुसऱ्या वाचकाची जागा काही प्रमाणात भरून काढू शकतो. परंतु घाटकोपरच्या टेकडीवरील किंवा अंधेरी पूर्वेच्या दाट वस्तीतील बहुसंख्य स्त्रियांचे चित्रच घेतले जात नाही. न काढलेले चित्र कोणताही संगणक वाचू शकत नाही. त्यांच्या बाबतीत पहिली अडचण तपासणीपर्यंत पोहोचण्याची, दुसरी इशारा मिळाल्यावर पुढील तपासणी पूर्ण करण्याची व तिसरी उपचार शेवटास नेण्याची असते. बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने प्रभादेवीस किंवा मुलुंडहून मध्य रेल्वेने परळला उतरून रुग्णालयात जाणे म्हणजे रोजावर काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा रोज बुडणे होय आणि अशा फेऱ्या एकदोनच नसतात. गाठ दुखत नसल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. संकोच, घरातील कामे आणि रोगाच्या नावाची धास्ती यांमुळे आणखी महिने जातात.

क्षयरोगाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २०१६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या क्यूअर. एआय या कंपनीची छातीची क्ष-किरण चित्रे वाचणारी प्रणाली क्षयरोगाच्या चाळणीसाठी अनेक देशांत वापरली जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी या प्रकारच्या प्रणालींना मान्यता दिली. छातीचे चित्र हातात नेता येणाऱ्या यंत्राने काही क्षणांत काढता येते आणि संशयिताची थुंकी तपासून निदान लगेच पक्के करता येते. स्तनाच्या बाबतीत यंत्र जड, स्थिर व महाग असते, ते हाताळण्यास प्रशिक्षित तंत्रज्ञ (शक्यतो स्त्री) लागते आणि निदान पक्के करण्यासाठी जीवोतक परीक्षा करावी लागते. एका रोगातील यश दुसऱ्या रोगाकडे तसेच नेता येत नाही, ते यामुळे.

ही अडचण टाळण्यासाठी भारतात इतर मार्गही चोखाळले गेले आहेत. बंगळूर येथील निरामई या कंपनीने स्तनाच्या पृष्ठभागावरील उष्णतेचे चित्र घेऊन त्याचे संगणकाने विश्लेषण करण्याची पद्धत विकसित केली. तीत स्पर्श, दाब वा प्रारण नसते व उपकरण सहज नेता येते. तथापि उष्णताचित्रणाने मृत्यू कमी होतात असे यदृच्छ चाचणीने सिद्ध झालेले नाही आणि ते मॅमोग्राफीचा पर्याय नव्हे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी बजावले आहे. भारतीय रुग्णांच्या चित्रांचा संग्रह करून त्यावर प्रणाली घडविण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाने केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने कर्करोगचित्रांचा असा संग्रह उभारला आहे. भारतीय स्त्रियांचे वय व स्तनांची घनता लक्षात घेता असे संग्रह अत्यावश्यक आहेत.

दोष, दायित्व व नियमन : संगणकावर अवाजवी विश्वास बसणे हा या तंत्रातील एक गंभीर धोका आहे. जर्मनीत २७ क्ष-किरणतज्ञांवर केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना संगणकाचा म्हणून एक कौल दाखविण्यात आला. काही चित्रांच्या बाबतीत तो मुद्दाम चुकीचा होता. कौल बरोबर असताना नवख्या तज्ञांनी सु. ८० टक्के चित्रांचे वर्गीकरण अचूक केले, तर कौल चुकीचा असताना सु. २० टक्केच. फार अनुभवी तज्ञांचीही अचूकता सु. ८२ टक्क्यांवरून सु. ४६ टक्क्यांवर आली. म्हणून संगणकाचा कौल पाहण्यापूर्वी वैद्याने आपले मत नोंदवावे, अशी सूचना केली जाते. जेथे तज्ञ मुळातच थोडे व कामाचा ताण जास्त, तेथे हा धोका अधिक असतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने, त्यांत रोगनिदानासाठी वापरायच्या संगणकप्रणालीही, २०१७ च्या वैद्यकीय साधन नियमांच्या कक्षेत आणण्यात आली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रणालीच्या कौलावर अंतिम देखरेख मनुष्याची असावी, रुग्णाची संमती घ्यावी आणि प्रणालीतील पक्षपात तपासावा, असे त्यांत म्हटले आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी संमत झाला. स्तनाची चित्रे ही अत्यंत खाजगी माहिती असल्याने ती कोठे साठविली जातात, कोणाच्या प्रणालीच्या शिक्षणासाठी वापरली जातात व त्यातून होणाऱ्या लाभात रुग्णाचा वाटा कोणता, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. विनामूल्य शिबिरात आलेल्या स्त्रीला संमतिपत्रातील मजकूर तिच्या भाषेत समजावून सांगणे हा संमतीचाच भाग होय.

मूल्यमापन : मुंबईच्या उपनगरांत अशा प्रणालीचा अवलंब करताना पुढील गोष्टी मोजणे आवश्यक आहे : ठराविक वयाच्या किती स्त्रियांची तपासणी झाली, संगणकाने वेगळ्या काढलेल्यांपैकी किती जणींची जीवोतक परीक्षा ठराविक मुदतीत झाली, किती निरोगी स्त्रियांना नाहक त्रास झाला, निदान झालेल्यांपैकी किती जणींनी उपचार पूर्ण केले, आणि वाढलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण घटले काय. यांपैकी पहिली, दुसरी व चौथी ही मापे संगणकाच्या अचूकतेपेक्षा आरोग्य सेविका, जवळच्या रुग्णालयातील जीवोतक परीक्षेची सोय व पाठपुरावा यांवर अवलंबून आहेत. संगणकाचा उपयोग येथेही होऊ शकतो. उदा., इशारा मिळूनही न परतलेल्या स्त्रियांची यादी सेविकेपर्यंत पोहोचविणे किंवा अधिक संशयास्पद अहवाल अगोदर तज्ञापुढे ठेवणे. मुंबईच्या चाचणीत वाढलेल्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या अंतराने खाली आणणारे साधन प्रशिक्षित हात हे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली त्या हातांना जोडली गेली, तर तिचा लाभ वस्तीतील स्त्रीला मिळेल. एरवी ज्यांची तपासणी आजही होते, त्यांच्यापुरतीच ती मर्यादित राहण्याचा संभव आहे.